अक्षय्य ऊर्जेचं वीजबिल

शाळेत कुठल्याही माध्यमात शिकला असाल, एक वाक्य तुमचंही पाठ असणार: ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, ती फक्त रूप बदलते. मराठी पुस्तकांत याला ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम’ म्हणतात. अक्षय्य तृतीयेतला तोच अक्षय्य. कितीही वापरा, संपणार नाही. आणि त्याच शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, ‘ऊर्जा वाचवा’. आता जी गोष्ट नष्टच होऊ शकत नाही, ती वाचवायची कशापासून? दर महिन्याला वीजबिल येतं ते नक्की कशाचं?

प्रश्न वात्रट वाटेल. पण एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काही फार हुशार माणसांची झोप याच प्रश्नाच्या जातकुळीच्या प्रश्नाने उडवली होती, आणि तो नीट सुटायला पाव शतकाहून जास्त काळ गेला. त्या काळात जे शास्त्र उभं राहिलं ते थर्मोडायनॅमिक्स, मराठीत ऊष्मागतिकी. माझं म्हणणं असं की या शास्त्राचा इतिहास आर्ट्सच्या, त्यातही साहित्याच्या मुलांनी वाचायलाच हवा. जनरल नॉलेज वाढावं म्हणून नव्हे. त्या शास्त्रातला एक शब्द आपण केव्हाच उचलून आणला आहे आणि त्यामागची गोष्ट न वाचता वापरतो आहोत, म्हणून.

शब्द अर्थातच ‘एन्ट्रॉपी’. आधुनिक कादंबरीवर पेपर असला की तो येतोच. नात्यांची एन्ट्रॉपी, शहराची एन्ट्रॉपी, भाषेची एन्ट्रॉपी. म्हणजे काय असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: सगळं हळूहळू विस्कटत जाणं, अंदाधुंदी. मग होस्टेलच्या खोलीचं उदाहरण. आवरली नाही की खोली आपोआप विस्कटते, ही एन्ट्रॉपी. खरं सांगा, कुठली खोली आपोआप विस्कटते? कपडे खुर्चीवर फेकायला माणूस लागतो. आणि कपाटातली पुस्तकं जमिनीवर पसरली म्हणून भौतिकशास्त्राच्या हिशेबात त्यांची एन्ट्रॉपी म्हणावी इतकी बदलतच नाही.

1959 मध्ये केंब्रिजला दिलेल्या एका व्याख्यानात सी. पी. स्नोने (कादंबरीकार, आणि शिक्षणाने शास्त्रज्ञ) तक्रार केली होती की साहित्यिकांच्या मैफलीत ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगा म्हटलं की सगळे गप्प होतात, वर जरा रागावतातही. त्याच्या मते हा प्रश्न म्हणजे ‘तुम्ही शेक्सपिअरचं काही वाचलंय का’ याच पातळीचा. आज परिस्थिती बदलली आहे, सुधारली आहे असं मात्र मला वाटत नाही. तेव्हाचे साहित्यिक निदान गप्प बसायचे. आपण बोलतो.

तर गोष्ट. ती सुरू होते सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरपासून. नाव बघा, सादी. शिराझच्या फारसी कवीवरून ठेवलेलं. वडील लाझार कार्नो हे गणिती, लष्करी इंजिनिअर आणि क्रांतीच्या काळातले मोठे राजकारणी; त्यांनी मुलाला कवीचं नाव दिलं. या माहितीचा परीक्षेत काही उपयोग नाही, पण मला ती आवडते.

1824 मध्ये, वयाच्या अठ्ठावीसाव्या वर्षी, कार्नोने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तक छापलं. 118 पानं, 600 प्रती. विषय: अग्नीपासून मिळणारी चालक शक्ती. फ्रान्स नेपोलियनची युद्धं हरला होता आणि इंग्लंडच्या हातात वाफेची इंजिनं होती. खाणीतलं पाणी उपसण्यापासून कापडगिरण्या चालवण्यापर्यंत सगळं त्यांच्यावर. इंजिनं सुधारत होती, पण अंदाजाने. कारागीर काहीतरी बदल करायचे, कोळसा थोडा कमी लागायचा. कार्नोने विचारलं की याला काही शेवट आहे का. ठरावीक उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येतं? वाफेऐवजी हवा किंवा अल्कोहोल वापरलं तर जास्त मिळेल का?

तेव्हाची समजूत अशी की उष्णता हा एक द्रव आहे. वजन नसलेला, न दिसणारा, गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहणारा. त्याचं नाव कॅलॉरिक. लाव्हाझिएने 1789 मध्ये मूलद्रव्यांची यादी केली तेव्हा ऑक्सिजनच्या पंगतीत कॅलॉरिकलाही बसवलं होतं. रमफर्डने 1798 मध्ये म्युनिकच्या तोफखान्यातला प्रयोग मांडून या समजुतीला धक्का दिला होता: बोथट हत्याराने तोफेची नळी कोरत राहिलं तर नुसत्या घर्षणाने अडीच तासांत पाणी उकळतं, आणि कोरत राहाल तोवर उष्णता निघतच राहते, मग हा द्रव साठवलेला होता कुठे? पण समजूत काही मेली नाही. (रमफर्डने पुढे लाव्हाझिएच्या विधवेशी लग्न केलं. ते टिकलं नाही.)

कार्नोने कॅलॉरिक धरूनच विचार केला, आणि त्याने जे केलं ते आपल्या, म्हणजे साहित्याच्या मुलांच्या, कामाचं आहे. त्याने एक उपमा घेतली. पाणचक्की. वरून पाणी पडतं, चाक फिरतं, पाणी खाली निघून जातं. काम किती होईल ते पाणी किती आणि किती उंचीवरून पडतं यावर ठरतं. इंजिनही तसंच, तो म्हणाला. कॅलॉरिक गरम बॉयलरमधून थंड कंडेन्सरमध्ये ‘पडतं’ आणि पडता पडता काम करतं. उंचीच्या जागी तापमानातला फरक.

या एका उपमेतून दोन गोष्टी निघाल्या. एक, नुसती उष्णता असून भागत नाही; थंड जागाही लागते. दोन, आदर्श इंजिन वाफेवर चालो की हवेवर, त्याची कमाल मर्यादा फक्त वरच्या आणि खालच्या तापमानावर ठरते. आज थर्मल पॉवर स्टेशनची वाफ 550 अंश सेल्सिअसला असेल आणि खालची बाजू 30 अंशाला, तर जगातला कुठलाही इंजिनिअर त्या उष्णतेच्या 63 टक्क्यांहून जास्त भागाची वीज करू शकत नाही. हे सूत्र कार्नोचं नाही, ते नंतरच्यांनी बसवलं, पण मर्यादा आहे आणि ती तापमानांवर आहे हे त्याचं. प्रत्यक्षात तर त्याहून बरंच कमी मिळतं.

पहिली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मांडवीच्या मुखातून ट्रॉलर बाहेर पडताना बघा. त्याच्या खाली अख्खा अरबी समुद्र आहे, 28 अंशांच्या आसपासचा. त्या पाण्यात उष्णतेचा एवढा साठा आहे की एका ट्रॉलरला कित्येक जन्म पुरेल. तरी तो जेटीवर डिझेल भरून निघतो. का? कारण समुद्र 28, हवा 28, बोटही 28. उष्णता भरपूर, फरक शून्य. जिथे फरक नाही तिथे काही पडत नाही, आणि जिथे काही पडत नाही तिथे चाक फिरत नाही. (खोल समुद्रातलं गार पाणी वर ओढून घेतलं तर फरक मिळतो, आणि तसं करून वीजही काढलेली आहे. नियम तोच.)

आता गंमत म्हणजे कार्नोची उपमा चुकीची होती. उष्णता द्रव नाही, आणि इंजिनातून ती जशीच्या तशी खाली जातही नाही; तिचा काही भाग खरोखर नाहीसा होऊन त्याचं काम होतं. आपल्याला अलंकार शिकवताना उपमेचे चार भाग सांगतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द. कार्नोचं उपमान चुकलं, पण साधारण धर्म त्याने अचूक धरला. ‘पडणं’, म्हणजे वरून खालीच जाणं. उपमा म्हणजे वाक्यावर घातलेला दागिना असं आपल्याला नकळत वाटायला लागतं. इथे उपमा काढून घेतली तर मागे विचारच उरत नाही.

पुस्तकाकडे जवळजवळ कुणी लक्ष दिलं नाही. 1832 मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली, त्यात कार्नो गेला. वय 36. साथीच्या भीतीने त्याच्या वस्तू जाळल्या, त्यात बहुतेक कागदही गेले. जे थोडे वाचले ते भावाने 1878 मध्ये छापले. त्यांत दिसतं की कार्नोने स्वतःच कॅलॉरिक सोडून दिलं होतं. किती कामातून किती उष्णता निघते याचा आकडाही काढून ठेवला होता. तोवर तो आकडा इतरांनी आपापल्या मार्गांनी शोधून काढला होता.

ते इतर कोण, हे सांगताना मला जरा मजा येते, कारण त्यांतले दोघे तरी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. युलिउस रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर. 1840 मध्ये डच जहाजावर डॉक्टर म्हणून जावाला गेला. तिथे खलाशांची शीर कापून रक्त काढताना त्याला दिसलं की शिरेतलं रक्त नेहमीपेक्षा जास्त लालभडक आहे. त्याने ताडलं की उष्ण प्रदेशात शरीराला ऊब टिकवायला कमी ‘जळण’ लागतं, म्हणून रक्तातला ऑक्सिजन कमी खर्च होतो. तिथून तो अन्न, उष्णता आणि श्रम हे एकाच हिशेबाचे रकाने आहेत इथवर पोचला. 1841 मध्ये त्याचा पहिला लेख एका नामवंत भौतिकशास्त्र नियतकालिकाने छापला नाही. तो लेख कच्चा होता हे खरंच आहे. पुढचा 1842 मध्ये रसायनशास्त्राच्या नियतकालिकात आला. पण श्रेय मिळेना. घरात मुलं वारली. 1850 मध्ये मायरने खिडकीतून उडी टाकली. तो वाचला, पुढे काही काळ मनोरुग्णालयात काढला, आणि मानसन्मान बऱ्याच उशिरा पाहिले.

दुसरा जेम्स ज्यूल, मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा. घरची बिअरची ब्रुअरी. बिअर करणाऱ्याला तापमानाची नजर लागतेच, आणि ज्यूलकडे ती अतोनात होती. पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांसारखी पाती, त्यांना दोरीने बांधलेली वजनं. वजनं खाली उतरतात, पाती फिरतात, पाणी घुसळलं जातं. लोणी काढायची रवीच म्हणा, लोणी न येणारी. वीस वेळा वजनं उतरवल्यावर पाणी तापायचं ते फॅरनहाइटच्या अर्ध्या अंशाच्या आसपास. हे मोजायचं, खोलीच्या हवेचा परिणाम वजा करायचा, आणि त्यावरून म्हणायचं की निसर्गात हा विनिमयदर ठरलेला आहे! 1850 मधला त्याचा आकडा 772: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला 772 पौंड वजन एक फूट खाली उतरावं लागतं. त्याने लिहिलं होतं की नायगाऱ्याचं पाणी 160 फूट पडून साधारण एक पंचमांश अंश तापत असणार. त्याच हिशेबाने आपला दूधसागर, 310 मीटर धरला तर, खाली पोचेपर्यंत पाऊण अंश सेल्सिअसने गरम व्हायला हवा. वाटेत उडणारे तुषार आणि वारा तसं होऊ देत नाहीत ही गोष्ट वेगळी. ज्यूलच्या थडग्यावर 772.55 हा त्याचा नंतरचा आकडा कोरला आहे आणि त्यासोबत दिवस आहे तोवर काम करावं या अर्थाचं योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन. ‘काम’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एका दगडावर. निवडणाऱ्याला हे सुचलं होतं की नाही कोण जाणे.

1847 मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत ज्यूलला वेळ नाही, थोडक्यात आटपा असं सांगण्यात आलं. त्याच्याच आठवणीनुसार विषय तिथेच संपला असता, पण श्रोत्यांतल्या एका तरुणाने रस घेतला. तो विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्व्हिन, तेव्हा ग्लासगोचा तेवीस वर्षांचा प्राध्यापक. हाच थॉमसन दोन वर्षांपूर्वी पॅरिसच्या पुस्तकांच्या दुकानांत कार्नोचं पुस्तक शोधत फिरला होता आणि दुकानदार त्याला दुसऱ्याच कार्नोची, सादीच्या भावाची, सामाजिक विषयांवरची पुस्तकं दाखवत होते.

थॉमसनची अडचण समजून घ्या, सगळा पेच तिच्यात आहे. कार्नो म्हणतो उष्णता नाहीशी होत नाही, फक्त पडते. ज्यूल म्हणतो उष्णतेचं काम होतं आणि कामाची उष्णता. दोघेही प्रयोगाला पटतात. पण दोघे एकदम खरे कसे? आणि त्याहून टोचणारा प्रश्न: गरम तवा ओट्यावर नुसता निवत ठेवला तर त्या उष्णतेतून जे काम निघू शकलं असतं ते गेलं कुठे?

1850 मध्ये रुडॉल्फ क्लाउझियसने वाट काढली. कार्नोचा अर्धा भाग सोडायचा. उष्णतेचा काही हिस्सा काम होतो (ज्यूल बरोबर), उरलेला हिस्सा थंड बाजूला जावाच लागतो (कार्नो बरोबर). एकाऐवजी दोन नियम. पहिला, ऊर्जेची बेरीज कायम. दुसरा, उष्णता थंडाकडून गरमाकडे आपण होऊन जात नाही. जायला लावायची तर किंमत मोजावी लागते. फ्रिज हेच करतो, आतली उष्णता उपसून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात ओततो, आणि त्या उपशासाठी वीज मागतो. फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली थंड होत नाही, उलट तापते.

आणि इथे आपल्या वीजबिलाचं उत्तर मिळतं. बिल ऊर्जेचं नाहीच. महिनाभरात पंखा, फ्रिज, मिक्सर यांतून जेवढी ऊर्जा घरात आली तेवढी सगळी शेवटी भिंतींत, हवेत, रस्त्यावर कोमट उष्णता होऊन पसरली. एक कणही नष्ट झाला नाही. आपण पैसे दिले ते तिच्या कामाला येण्याच्या ऐपतीचे. 1852 मध्ये थॉमसनने मांडलं की निसर्गात ही ऐपत सतत वाया जाते आहे. ऊर्जा अक्षय्य, ऐपत नाही. भिंतीवरची घोषणा ‘फरक वाचवा’ अशी लिहिली तर कुणाला कळणार नाही, पण ती जास्त खरी होईल.

1865 मध्ये क्लाउझियसने या खर्चाच्या मापाला नाव दिलं, एन्ट्रॉपी. ग्रीक ‘ट्रोपी’ म्हणजे वळण, रूपांतर. एनर्जीला जुळावा म्हणून शब्द मुद्दाम तसा घडवला. आता आपण अलंकारशास्त्रात ‘ट्रोप’ शिकतो, म्हणजे शब्दाने आपल्या सरळ अर्थापासून घेतलेलं वळण. तो याच ग्रीक धातूपासून आलेला. म्हणजे ज्या शब्दाला आपण ‘अंदाधुंदी’ करून टाकलं, तो व्युत्पत्तीने आपल्याच वर्गातल्या शब्दाचा चुलतभाऊ. व्युत्पत्ती काढणं हे आपलं काम होतं. आपण तेवढंही केलं नाही.

क्लाउझियसने प्राचीन भाषेतला शब्द का घेतला? सगळ्या जिवंत भाषांत त्याचा अर्थ एकच राहावा म्हणून. पुढे लिऑन कूपर या भौतिकशास्त्रज्ञाने खवचटपणे म्हटलं की त्याचा हेतू सफल झाला: शब्दाचा सगळ्यांना सारखाच अर्थ लागतो, म्हणजे काहीच लागत नाही. इथे मला फादर स्टीफन्स आठवतात. 1616 मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात त्यांनी बरोबर उलटा रस्ता धरला. स्वर्गासाठी लॅटिन शब्द न आणता ‘वैकुंठ’ घेतला, ऐकणाऱ्याच्या तोंडातला, त्याच्या सगळ्या जुन्या अर्थांसकट. त्यातही धोका होताच. पण ऐकणाऱ्याला काहीतरी दिसत तरी होतं. ऊष्मागतिकीवर मराठीत लिहिणाऱ्यांनी एन्ट्रॉपी तशीच ठेवली आहे. माझी तक्रार नाही, पण कुणी तरी ‘ऐपत’, ‘झीज’, ‘उतार’ अशा शब्दांशी झटापट करून बघायला हवी होती असं वाटतं.

मग ‘अंदाधुंदी’ आली कुठून? साफ खोटी नाही ती. लुडविग बोल्ट्झमानने 1877 मध्ये दाखवलं की एन्ट्रॉपीचा संबंध संख्येशी आहे: बाहेरून एकसारखी दिसणारी स्थिती आतल्या कणांच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांतून साधता येते. ज्या स्थितीच्या मांडण्या जास्त, तिकडे गोष्टी जातात, कारण तिकडे जायचे रस्तेच जास्त. हे सोपं करून सांगताना ‘अव्यवस्था’ हा शब्द आला, शास्त्रज्ञांनीच आणला. पण तो डोळ्यांना दिसणाऱ्या पसाऱ्याबद्दल नाही. मिठागरात जाऊन बघा. खाऱ्या पाण्यातून मिठाचे चौकोनी, रेखीव स्फटिक तयार होतात. अव्यवस्थेतून व्यवस्था! दुसरा नियम मोडला? नाही. जेवढं मीठ गोळा झालं त्याच्या कितीतरी पट पाणी वाफ होऊन हवेत पसरलं. एकूण हिशेबात एन्ट्रॉपी वाढलीच. बोल्ट्झमानच्या काळी तर अणू खरे आहेत हेच मोठमोठ्या लोकांना मान्य नव्हतं. 1906 मध्ये त्रिएस्तजवळ दुइनो इथे त्याने जीवन संपवलं. व्हिएन्नातल्या त्याच्या थडग्यावरही समीकरण आहे. या शास्त्राच्या माणसांची थडगी वाचत एक वेगळा लेख होईल.

कुणी म्हणेल, कवीला एवढा जाच कशाला? त्याने शब्द हवा तसा वापरावा. मान्य. पण घेतलेली उपमा अर्थाने मूळ गोष्टीपेक्षा गरीब असेल तर नुकसान कवितेचंच. ‘नातं विस्कटलं’ यापेक्षा ‘दोघांत आता काही फरकच उरला नाही, म्हणून काही घडत नाही’ हे किती जास्त भयंकर आहे! सगळं आहे, ऊब आहे, भांडणही नाही, फक्त काही पडत नाही, चाक फिरत नाही. खरी एन्ट्रॉपी अशी दिसते. ती गोंगाटाची नाही, कोमटपणाची आहे.

आणि शब्द नेहमी कवितेपुरता राहत नाही. मी कॅथलिक आहे, म्हणून पुढचं लिहिणं मला भाग आहे. आपल्याकडच्या युवा ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतो: दुसऱ्या नियमाप्रमाणे सगळं विस्कटतच जातं, म्हणून उत्क्रांती अशक्य, म्हणून देव आहे. यातला पहिला ‘म्हणून’च कोसळतो. नियम बंदिस्त व्यवस्थेच्या एकूण हिशेबाचा आहे. पृथ्वी बंदिस्त नाही, तिच्यावर सूर्य ओततो आहे. फॉरवर्डचा तर्क खरा मानला तर गर्भात मूल वाढणंही अशक्य, आणि मिठागरातलं मीठही. जास्त गंभीर पातळीवर, 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी पोंटिफिकल अकॅडमीपुढच्या भाषणात क्लाउझियसच्या एन्ट्रॉपीचा आधार घेऊन विश्वाला आरंभ आहे आणि तो निर्मात्याकडे बोट दाखवतो असं मांडलं. ते फॉरवर्डच्या कितीतरी वरचं आहे. तरी विश्वाच्या आरंभाचा सिद्धांत ज्यांनी मांडला ते जॉर्ज लमेत्र, स्वतः धर्मगुरू, विज्ञान आणि श्रद्धा यांची अशी सरमिसळ करण्याविरुद्ध होते. मी लमेत्र यांच्या बाजूने आहे. माझ्या श्रद्धेला इंजिनच्या कार्यक्षमतेच्या टेकूची गरज वाटत नाही, आणि उद्या शास्त्राने आकडा बदलला तर टेकू निघून जाईल.

आमच्या कॉलेजात आता प्रत्येकाला दुसऱ्या शाखेचा एक पेपर घ्यावा लागतो. आर्ट्सची मुलं बहुतेक वेळा सर्वांत सोपा घेतात, आणि विज्ञानाचा घेतलाच तर त्यात नियम क्रमाने येतात: शून्यावा, पहिला, दुसरा, तिसरा. हा क्रम इतिहासाच्या नेमका उलटसुलट आहे. दुसऱ्याचा गाभा 1824 चा, पहिला 1840 च्या दशकातला, तिसरा 1906 चा, आणि ‘शून्यावा’ हे नाव 1930 च्या दशकातलं. झोमरफेल्ड यांनी नोंदवलं आहे की मेघनाद साहा आणि श्रीवास्तव यांच्या उष्णतेवरच्या पुस्तकाविषयी बोलताना फाउलर यांनी ते नाव दिलं. म्हणजे या कथेत अलाहाबादही आहे. क्रम लावून दिला की शिकवायला सोपं जातं, पण एक चुकीची उपमा, एक न खपलेलं पुस्तक, एक जहाजावरचा डॉक्टर आणि एक बिअरवाला, सगळे गळून पडतात, आणि उरतो तो पाठ करायचा मजकूर. विज्ञानाच्या मुलांचंही यात नुकसानच आहे, ते सांगत नाहीत एवढंच.

म्हणून मंडळापुढे माझा साधा प्रस्ताव आहे. पुढच्या सत्रातल्या वाचनकट्ट्यांपैकी दोन कार्नोच्या पुस्तकाला द्यावेत. इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि हक्कांची भानगड उरलेली नाही. फिजिक्सच्या दोघांतिघांना बोलवू. गणिताची भीती वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की कार्नोने बीजगणित बहुतेक सगळं तळटीपेत ढकललं आहे, आणि पुस्तक छापण्याआधी हस्तलिखित भाऊ हिप्पोलितला वाचायला दिलं होतं. शास्त्राशी संबंध नसलेल्या माणसाला ते कळतं की नाही, हे बघायला.